भोपाळ ते नागपूर : पंचावन्न मिनिटांचा प्रवास

"भोपाळ ते नागपूर विमानाने किती वेळ" असं शोधत तुम्ही इथे पोचला असाल, तर थांबा, तिकिटाच्या मागे लागू नका. मीही हेच शोधलं होतं. एका वेबसाइटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि एका सेकंदात उत्तर आलं : हवाई अंतर तीनशे किलोमीटर, उड्डाणाचा अंदाजे वेळ पंचावन्न मिनिटं. सोबत नकाशा होता आणि दोन ठिपक्यांना जोडणारी सुबक निळी रेघ. त्या रेघेवर मी जो विश्वास टाकला, तो बायकोवर टाकला असता तर हा ब्लॉग लिहायची वेळ आली नसती.

आमचं घराणं मूळ नागपूरचं. भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली कारकून मंडळी फायलींसकट इकडे आली, त्यात माझे वडील होते. आम्ही दोघं भावंडं, मी आणि धाकटी विद्या, इथेच जन्मलो. वडिलांचं एक वाक्य घरात कायम असायचं, "नागपूर काय, इथेच तर आहे." दिवाळी झाली, उन्हाळा आला, कुणाची मुंज, कुणाचं बारसं, की ते हेच म्हणायचे आणि मग कामाचं निमित्त काढून घरीच राहायचे. विद्या लग्न होऊन नागपूरला गेली. मी पाण्याच्या खात्यात इंजिनियर झालो, भोपाळच्याच शाहपुऱ्यात घर बांधलं आणि वडिलांचं वाक्यही घरासोबत वापरायला घेतलं.

विद्याचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मी तेराव्यापर्यंत तिथे होतो. त्यानंतर जाणं झालं नाही. फोन असायचा, दर रविवारी नेमाने.

यंदा तिच्या एकुलत्या एका मुलीचं, मुग्धाचं लग्न ठरलं. गोरज मुहूर्त, संध्याकाळी सहा बत्तीस. कन्यादान मुलीचे काका-काकू करणार होते, पण मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं काम मामाचं. अंतरपाट धरला की मुलीच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानेच. आणि त्याआधी ती गौरीहरापाशी पूजेला बसते तेव्हा अंगावर पिवळी साडी असते, तीही मामाकडचीच. विद्या फोनवर म्हणाली, "दादा, तिचे बाबा नाहीत. तू वेळेवर ये फक्त. बाकी मला काही नको."

"अगं, वेळेवर म्हणजे काय," मी म्हणालो, "विमानाने येतोय. पंचावन्न मिनिटं. भोपाळात चहा प्यायचा आणि नागपुरात कप ठेवायचा."

मग ती म्हणाली, "हो का?" एवढंच. मला वाटलं, भारावली.

सुनंदा, माझी पत्नी, दोन दिवस आधी ट्रेनने निघणार होती. तिने माझंही तिकीट काढायचं म्हटलं तर मी तिलाच शिकवलं की तीनशे किलोमीटरसाठी दोन दिवसांची रजा कोण टाकतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात एक बैठक होती. माझ्याशिवाय अडणार होती असं मुळीच नाही, पण मला तसं वाटायला आवडतं. पिवळी साडी तरी माझ्याकडे द्या, असं ती म्हणाली. तीही मी दिली नाही. मामाची साडी मामाच्या हातूनच गेली पाहिजे.

"अहो, पण भोपाळहून नागपूरला विमान जातं का?" तिने बॅग भरता भरता विचारलं.

मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला. अंतर मी तीनदा तपासलं होतं. अक्षांश-रेखांश घालून हातानेही काढून पाहिलं होतं, बरोबर तीनशे येत होतं. विमान ताशी किती जातं, चढायला-उतरायला किती, सगळं मांडलं होतं. इंजिनियर माणूस, अंतर तपासलं, वेग तपासला. विमान आहे का, ते तपासलं नाही.

सुनंदा निघाली त्याच संध्याकाळी मी नेहरू नगरमधल्या तिकीटवाल्याकडे गेलो. तो मुलगा समोसा खात होता. त्याने स्क्रीनवर बघितलं, माझ्याकडे बघितलं, समोसा कागदावर ठेवला.

"अंकल, सीधी फ्लाइट तो है नहीं. दिल्ली होके जाना पड़ेगा."

"मग ती वेबसाइट पंचावन्न मिनिटं कशी दाखवते?" मी मराठीतच ओरडलो. हबकलो की मी मराठीत जातो.

त्याने समजूत काढल्यासारखं सांगितलं की ती साइट कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर मोजून देते, तिथे विमान उडतं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. एवढी साधी गोष्ट. माझ्या हाताखालच्या एखाद्या ज्युनियरने नदी न बघता पुलाची लांबी काढून आणली असती तर मी त्याला फाइलसकट बाहेर काढलं असतं.

ट्रेन बघितली. लग्नसराई होती, सगळ्या गाड्यांना लांबलचक वेटिंग. रस्त्याने टॅक्सी होती, सात तास, नर्मदापुरम, बैतूल, मुलताई, रस्ता आता चांगला झालाय. पण पंचावन्न मिनिटांची गर्जना करून सात तास टॅक्सीत बसायचं, हे मला अपमानास्पद वाटलं. खोटं कशाला बोलू, कारण तेवढंच होतं. दिल्लीमार्गे तिकीट नऊ हजारांच्या वर पडलं. भोपाळहून अकरा पाचला निघून दुपारी तीन पन्नासला नागपूर. मुहूर्ताला अडीच तास हातात. विमानतळापासून प्रतापनगरचा हॉल पंधरा-वीस मिनिटांवर. मी कुणालाच काही सांगितलं नाही. रात्री गाडीतून सुनंदाचा फोन आला, "काढलं का तिकीट?" मी म्हणालो, "काढलं." हे खरंच होतं.

लग्नाच्या दिवशी आठ वाजता निघालो. शाहपुऱ्याहून विमानतळ तासाभराचा रस्ता, टॅक्सी पाचशेच्या आत. वाटेत पोहे-जलेबी खाल्ली, भोपाळात सकाळी दुसरं काही खाणं हा गुन्हा आहे. व्हीआयपी रोडने जाताना मोठ्या तलावाचं पाणी ऊन पडून चकाकत होतं. ड्रायव्हरने विचारलं, "कहाँ की फ्लाइट है सर?" मी नागपूर म्हणालो. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "नागपुर? सर, मैं ही छोड़ देता आपको. शाम की चाय वहीं पीते." मी खिडकीबाहेर तलाव बघत राहिलो.

भोपाळचा विमानतळ छोटा, स्वच्छ आणि सुटसुटीत आहे. पोचल्यापासून वीस मिनिटांत आत बसाल, दोन तास आधी येऊन मोबाइल चार्ज करण्यापलीकडे काही करता येत नाही. विमान वेळेवर सुटलं, दिल्लीला वेळेवर टेकलं. आत्तापर्यंत सगळं गणिताप्रमाणे. दिल्लीच्या विमानतळावर मात्र एका गेटहून दुसऱ्या गेटला जाईपर्यंत माझ्या मते अर्धं शाहपुरा चालून झालं. एक कॉफी आणि एक सँडविच घेतलं, त्याचे पैसे इथे लिहीत नाही, माझ्या वडिलांच्या आत्म्याला त्रास होईल.

गेटवर पोचलो तर पाटीवर नागपूरच्या पुढे लाल अक्षरं. उशीर. आधी चाळीस मिनिटं. मग दीड तास. मग नुसताच "पुढील सूचनेची वाट पाहा". काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, काय झालंय. "सर, इनकमिंग एयरक्राफ्ट लेट है." मी तिला म्हटलं, माझ्या भाचीचं लग्न आहे, मी मामा आहे. ती खरंच कळवळली. तिने विचारलं, "सर, आप भोपाल से हैं ना? ट्रेन से क्यों नहीं गए?" माझ्या मागच्या रांगेतल्या दोन माणसांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं.

पावणेतीनला सुनंदाचा फोन. "निघालात का? पोचला असाल ना आता? गौरीहराची तयारी झालीय, साडी हवी."

"मी दिल्लीला आहे," मी म्हणालो.

"कुठे आहात म्हणालात?"

"दिल्ली."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मागून सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती, कुणीतरी हळदीचं ताट मागत होतं. सुनंदा अगदी सावकाश म्हणाली, "बरं. मी बघते." आणि फोन ठेवला. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचं "मी बघते" मी तीन-चारदाच ऐकलंय. प्रत्येक वेळी माझ्या हातून काही तरी निसटलेलं होतं आणि ते तिच्या हातात गेलेलं होतं. मांडीवर ती पिवळी साडी घेऊन मी खुर्चीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या विमानतळावर रडू येईल असं वाटलं.

पावणेपाचला विमान उडालं. मला खिडकी मिळाली होती, उजवीकडची. शेजारी नागपूरच्या एक बाई, साठीच्या, डब्यातली चकली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. तासाभराने पायलटचा आवाज आला. बाहेरचं तापमान, उंची, वगैरे. मग तो हिंदीत म्हणाला, "हमारे दाहिनी तरफ़ इस समय भोपाल शहर है."

मी खिडकीला नाक लावलं. खाली धुरकट पिवळं, बाकी काही दिसत नव्हतं. पण ते तिथेच होतं, माझं घर, कुंड्या, गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल. सकाळी आठला निघालेला माणूस संध्याकाळी पुन्हा भोपाळच्या बाजूनेच चालला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर दिल्लीला वळसा घातला होता.

"तुम्ही दिल्लीचे का?" बाईंनी विचारलं.

"भोपाळचा."

"मग दिल्लीला काही काम होतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

सहा वीसला नागपूरला टेकलो. दारं उघडेपर्यंत सहा एकोणतीस. मी विमानाच्या मधल्या वाटेत उभा, पुढे तीस माणसं, हातात साडी, आणि घड्याळात सहा बत्तीस झालेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या क्षणी हॉलमध्ये मंगलाष्टकं चालू असणार आणि मुग्धाच्या पाठीशी कुणी तरी उभं असणार, किंवा कुणीच नसणार. दोन्हीपैकी जास्त वाईट काय, ते मला ठरवता आलं नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा सातला पाच कमी होते. जमिनीवर अक्षतांचे दाणे पसरले होते आणि लोक जेवायच्या रांगेत होते. वरातीमागून घोडं ही म्हण लहानपणापासून वापरतो, पण घोड्याला कसं वाटत असेल ते पहिल्यांदाच कळलं.

स्टेजवर मुग्धा एका म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडत होती. उंच, वाकलेले, जुना कोट, डोक्यावर कुणीतरी घातलेला फेटा तिरका झालेला. चार वर्षांपूर्वी तेराव्याच्या गर्दीत दिसले असतीलही, पण मी ओळखलं नाही. सुनंदा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "वसंतराव. विद्याताईंच्या खालच्या मजल्यावरचे. त्यांनीच आणलं मुलीला."

तेच गृहस्थ मला बघून खाली उतरून आले. मी त्यांचे आभार मानायच्या आत त्यांनीच हात जोडले. "तुमची जागा घेतली, माफ करा बरं. मुहूर्त काही थांबत नाही. आणि पोरगी म्हणाली, नाना, तुम्हीच चला."

मला त्यांच्याकडे बघवेना. नंतर सुनंदाने मला हळूहळू सांगितलं, मला काहीच ठाऊक नसल्याचं लक्षात आल्यावर. विद्याच्या यजमानांना ऐनवेळी दवाखान्यात नेलं ते यांनी. पुढे चार वर्षं पाण्याची मोटर बिघडली की हे, सिलिंडर वर चढवायचा हे, मुग्धाची परीक्षा दूरच्या सेंटरवर आली की स्कूटरवर मागे बसवून नेणार हे. दर रविवारी मी फोन करायचो तेव्हा विद्या "सगळं ठीक आहे" म्हणायची. ते ठीक कुणी ठेवलंय, हे मी विचारलं नव्हतं.

विद्या वाढप्यांना सूचना देत होती. मला बघून तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मी माफीची वाक्यं टॅक्सीत पाठ केली होती, विमान कसं लेट झालं, काउंटरवर काय म्हणाले. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

"दादा, एक विचारू?" ती म्हणाली. "तू म्हणाला होता ना, पंचावन्न मिनिटं लागतात. तेव्हापासून डोक्यात आहे. पंचावन्न मिनिटांवर होता तू, तर चार वर्षं काहून नाही आला?"

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "अगं, थेट विमानच नाहीये."

"ट्रेन तर आहे ना," विद्या म्हणाली. "रोज आहे."

मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. जाताना म्हणाली, "जेवून घे, वडाभात गरम आहे." वडाभात उत्तम होता, वर फोडणीचं तेल, नागपूरला गेलात तर चुकवू नका. मी दोन घास खाल्ले.

पाठवणीच्या वेळी मी साडी मुग्धाच्या हातात ठेवली. तिने कागद उघडून बघितली, गालाला लावली, पोरगी मनाने फार चांगली आहे. "किती सुंदर आहे मामा. मी पूजेला आईची पिवळी नेसले, तिच्या लग्नातली. तुमच्या मामांनी दिली होती ना तिला? कशी दिसत होते?"

मी पाहिलंच नव्हतं. "छान," मी म्हणालो. तिला कळलं असावं, कारण तिने माझा हात जरा घट्ट दाबला. नवऱ्याच्या नोकरीसाठी ती पुढच्या आठवड्यात बंगळुरूला जाणार होती. म्हणजे प्रतापनगरच्या त्या घरात आता विद्या एकटी, आणि खाली शहात्तर वर्षांचे वसंतराव.

दोन दिवस राहून आम्ही ट्रेनने परतलो. सुनंदाने माझं परतीचं तिकीट आपल्यासोबत आधीच काढून ठेवलं होतं, थ्री एसी, सातशेच्या आसपास. "मला वाटलंच होतं," एवढंच ती म्हणाली. तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर दिवसाच्या गाडीने करा आणि खिडकी धरा. पांढुर्ण्याला फलाटावर संत्री मिळतात, घासाघीस केलीत तर टोपलीभर. मुलताईनंतर गाडी घाटात शिरते, बोगदे लागतात, सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी अगदी जवळ येतं. इटारसीला दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात भजी आणता येतात. नर्मदेच्या पुलावर सुनंदाने नाणं टाकून हात जोडले. मी हा सगळा रस्ता विसरलो होतो. लहानपणी विद्या आणि मी याच बोगद्यांत ओरडायचो, आणि वडील म्हणायचे, हळू, लोक झोपलेत. तेव्हा आम्ही जायचो. नंतर केव्हा बंद झालं, ते मला आठवेना, आणि आठवत नाही हे बघून मी पुन्हा एकदा हबकलो.

घरी आल्यावर टॉवेल गॅलरीतून काढला, झाडांना पाणी घातलं. लॅपटॉप उघडला तर ती वेबसाइट तशीच उघडी होती, निळी रेघ आणि पंचावन्न मिनिटं. बंद केली. इतक्यात विद्याचा फोन आला. रविवार नव्हता.

"पोचला का?"

"आत्ताच."

"किती वेळ लागला रे?"

"सहा तास," मी म्हणालो. "दहा मिनिटं वर."

मागे तिच्या घरात नळ चालू होता आणि तो बंद करायला दुसरं कुणी नव्हतं.

"एवढंच?" विद्या म्हणाली. "मला वाटायचं, आता जास्त लागत असेल."